गौरव कोणाचा आणि केव्हा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही, वक्ता तर नाहीच. ह्या मंडळाचा चिटणीस म्हणून काही वर्षे आणि साधा सभासद म्हणून त्याहून अधिक वर्षे मी काम केले, एवढीच काय ती माझी पात्रता. त्या काळात असे किती समारंभ पाहिले त्याची गणती मजजवळ नाही. शाली आणल्या, श्रीफळे मोजून घेतली, मानपत्रांचे मसुदे लिहिले. मानपत्र लिहिण्याचा इतका सराव झाला होता की सत्कारमूर्तीचे नाव कळण्यापूर्वीच अर्धा मजकूर सिद्ध असे. ‘निःस्पृह वृत्ती’, ‘निरलस सेवा’, ‘ज्ञातीचे भूषण’ हे शब्द त्यात ठरलेलेच असत. ज्याच्या नावापुढे ते घालावयाचे तो मनुष्य खरोखर निःस्पृह आहे की नाही, ह्याची चौकशी मी कधी केल्याचे मला आठवत नाही. तो मोठ्या हुद्द्यावर चढला आहे, अथवा त्याने मंडळास भरघोस देणगी दिली आहे, एवढे कळले की ते पुरेसे होत असे.

आजच्या सत्कारमूर्तींविषयी हे मी बोलत नाही. त्यांची निवड निराळ्या दृष्टीने झाली असल्याचे अध्यक्षांनी सांगितलेच आहे. मी बोलतो आहे तो आपल्या जुन्या वहिवाटीविषयी, आणि त्या वहिवाटीत माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीविषयी. ती गोष्ट सांगण्यापूर्वी मात्र थोडे मागे जावे लागेल.

रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव माहीत नाही असा मनुष्य ह्या सभागृहात नसेल. शाळेतील वक्तृत्वस्पर्धांनी आणि १९४४ सालच्या ‘प्रभात’च्या चित्रपटाने ते घरोघर पोहोचविले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुण्याबाहेर पडले आणि वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. तो प्रसंग थोरच आहे, पण तो इतक्यांदा सांगितला गेला की त्याची धार बोथट झाली आहे. शिवाय असा प्रसंग एखाद्याच्याच वाट्याला शतकातून एकदा येतो. तुमच्याआमच्यापैकी कोणापुढे पेशवा आरोपी म्हणून उभा राहणार आहे?

मला त्यांच्याविषयीची दुसरी एक आख्यायिका अधिक मोलाची वाटते. पुण्यात दक्षिणा वाटली जात होती. वाटपाच्या जागी शास्त्रीबुवा होते, नाना फडणीसही होते. रांगेत शास्त्रीबुवांचे बंधू आले. नानांनी सुचविले की ह्यांना काही अधिक द्यावे. शास्त्रीबुवांनी सांगितले की हे विद्वान म्हणून प्रसिद्ध नाहीत, तेव्हा इतर सामान्य ब्राह्मणांस मिळते तेवढेच ह्यांस मिळावे. माझे बंधू म्हणून काही द्यावयाचे असेल तर ते मी माझ्या घरून देईन.

आख्यायिकेत अक्षरशः सत्य किती हे इतिहासकारांनी पाहावे. पण तिच्यात एक भेद सांगितला आहे, आणि आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेचे सारे नीतिशास्त्र त्या भेदात सामावले आहे असे मला वाटते. सरकारातून द्यावयाचे ते नियमाने, घरून द्यावयाचे ते नात्याने. नाते नाकारावे असे शास्त्रीबुवा म्हणत नाहीत. भावाला रिकाम्या हाताने पाठवा असेही म्हणत नाहीत. खर्च कोणाच्या पेटीतून व्हावयाचा, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

आता माझी गोष्ट सांगतो.

१९८६ साली आपल्या वसतिगृहासाठी सरकारी भूखंड मिळावा असा अर्ज मंडळाने केला होता. गावोगावची मुले शिक्षणासाठी शहरात येत आणि नातलगांच्या पडवीत, कोठे जिन्याखाली, पथारी टाकून राहत. गरज खरी होती, ह्याविषयी कोणास शंका नसावी. ज्या कचेरीत तो अर्ज गेला तेथे त्याच सुमारास आपले एक ज्ञातिबांधव वरिष्ठ अधिकारी म्हणून आले. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत आनंदाची लाट उसळली. त्या वर्षीच्या गुणगौरवासाठी त्यांचे नाव एकमताने मंजूर झाले, आणि त्याच बैठकीत असेही ठरले की चिटणिसांनी, म्हणजे मी, दोन वडीलधाऱ्या सभासदांना बरोबर घेऊन त्यांची भेट घ्यावी. ‘अहो, आपलाच माणूस आहे, नाही कसा म्हणेल?’ असे आमच्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ वाटेत म्हणाले. सत्काराचे निमंत्रण आणि भूखंडाची विनंती ह्या दोन्ही गोष्टी आम्ही एकाच पिशवीतून घेऊन गेलो होतो, ह्यात काही वावगे आहे असे आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आले नाही.

त्यांनी आम्हाला आदराने बसविले. चहा मागविला. ज्येष्ठांना वाकून नमस्कार केला. मग कागदपत्रे मागवून ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘आपला अर्ज अकरावा आहे. आधीच्या दहा संस्थांपैकी काहींना आपल्याहून अधिक काळ वाट पाहावी लागली आहे. क्रम मला बदलता येणार नाही. पण आपल्या अर्जातील नकाशा अपुरा आहे आणि संस्थेच्या नोंदणीचा दाखला जोडलेला नाही. अकरावा क्रमांक आला तरी अर्ज परत जाईल. तेवढे आत्ताच पुरे करून घ्या.’ नुसते सांगून ते थांबले नाहीत. कचेरीची वेळ संपल्यावर अर्धा तास बसून नकाशात काय काय दाखवावे लागते ते त्यांनी एका कोऱ्या कागदावर काढून दिले. सत्काराविषयी मात्र म्हणाले, ‘हे काम निकालात निघेपर्यंत मी आपल्या व्यासपीठावर येणे बरे दिसणार नाही.’

आम्ही परतलो ते संतापून. ‘ज्ञातीचे खाऊन ज्ञातीवर उलटला’ असे उद्गार निघाले. वस्तुतः ज्ञातीचे त्यांनी काय खाल्ले होते, हे कोणी सांगू शकला नसता. ते आपल्या वडिलांच्या कष्टावर शिकले होते आणि मंडळाची शिष्यवृत्ती त्यांना कधी मिळालेली नव्हती. पुढच्या बैठकीत त्यांचे नाव गुणगौरवाच्या यादीतून काढण्यात आले. इतिवृत्ताच्या वहीत त्या नावावर आडवी रेघ मी माझ्या हाताने ओढली आणि समासात लिहिले, ‘पुढील वर्षी विचार करावा.’ पुढील वर्षी विचार झाला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. संमेलनास ते दोनदा आले. मागच्या रांगेत बसले. त्यांच्याशी कोणी मोकळेपणाने बोलले नाही. मग ते येईनासे झाले.

भूखंड आपल्याला मिळाला. क्रमाने मिळाला, चार वर्षांनी. नकाशा पुरा होता म्हणून अर्ज परत आला नाही. पायाभरणीच्या निमंत्रणपत्रिकेत त्यांचे नाव नव्हते. त्यानंतर काही वर्षांनी त्या काळातील भूखंडवाटपाची चौकशी झाली आणि मागाहून येऊन पुढे घुसलेल्या काही संस्थांचे भूखंड रद्द झाले. आपल्या कागदांत चौकशी करणाऱ्यांना बोट ठेवण्यास जागा सापडली नाही. आपण आत्ता ज्या सभागृहात बसलो आहोत ते त्याच भूखंडावर उभे आहे. देणगीदारांची नावे त्या भिंतीवर संगमरवरात कोरलेली आहेत. ज्यांच्यामुळे ही भिंत उभी राहिली आणि टिकली त्यांचे नाव तेथे नाही.

हे सांगताना मला संकोच होतो आहे. पण संकोचापलीकडे एक विचारही सुचतो. सचोटी ही बहुधा न केलेल्या गोष्टींची असते: न घेतलेले पैसे, न केलेली सही, न मोडलेला क्रम. बांधलेला पूल दिसतो, पण निकृष्ट सिमेंट नाकारणारा अभियंता दिसत नाही. शस्त्रक्रिया करून नावाजलेला डॉक्टर दिसतो, तर ‘तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज नाही’ असे सांगून रोग्याला घरी पाठविणाऱ्याची कोणी नोंद ठेवत नाही. उलट ज्याला नकार मिळाला त्याला तेवढा नकार मात्र नेमका आठवतो. म्हणून अशा माणसाची कीर्ती समाजात पसरते ती ‘ताठर’, ‘हेकट’, ‘माणूसघाणा’ ह्या विशेषणांनी. त्याचा गौरव आपोआप होणार नाही. तो करावयाचा तर त्याला शोधीत जावे लागेल.

आणि वेळेवर जावे लागेल. धोंडो केशव कर्वे ह्यांचे उदाहरण घ्या. १८९३ साली अण्णासाहेबांनी गोदूबाई ह्या विधवा तरुणीशी विवाह केला, तेव्हा कोकणातील मुरुड गावच्या त्यांच्या ज्ञातिबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णासाहेब गावी येऊन स्वतःच्या घरी उतरले तर त्या घरावरही बहिष्कार पडेल अशी ताकीद होती. म्हणजे शिक्षा एकट्या अण्णासाहेबांना नव्हती, त्यांच्या मातोश्रींना आणि ज्येष्ठ बंधूंनाही होती. ती मंडळी दुष्ट होती असे मी म्हणत नाही. आपण धर्माचे रक्षण करीत आहो अशीच त्यांची प्रामाणिक समजूत असावी. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्याच अण्णासाहेबांना ‘भारतरत्न’ पदवी मिळाली. मधे पासष्ट वर्षे गेली. ते दीर्घायुषी होते म्हणून हा दिवस त्यांना पाहता आला.

त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव ह्यांना ते भाग्य लाभले नाही. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी पदरमोड करून चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले आणि दंड भरावे लागले; एका खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रघुनाथराव १९५३ साली वारले, मासिकही त्या वर्षीच बंद पडले. आज त्यांच्यावर नाटके आणि चित्रपट निघतात. ते चांगलेच आहे, परंतु त्यांच्या छापखान्याचे बिल त्याने भागत नाही.

अण्णासाहेबांवर बहिष्कार घालणारी मंडळी त्यांच्या ज्ञातीची होती, आपल्या नव्हे. पण त्या काळी आपल्या पूर्वजांनी काही निराळे केले असते असे समजण्यास मला आधार दिसत नाही. आता कायदा झाला आहे: सामाजिक बहिष्कारास बंदी करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. मात्र आम्ही त्या अधिकाऱ्याशी जे वागलो त्याला कोणत्याही कायद्याचे कलम लागू पडत नाही. आम्ही त्यांना वाळीत टाकले नव्हते, नुसते बोलणे कमी केले होते.

येथे एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. नियमावरच बोट ठेवावयाचे तर ज्ञातिसंस्था हवी कशाला? एकमेकांना हात देण्यासाठीच ना आपण एकत्र आलो? त्याचे उत्तर शास्त्रीबुवांच्या आख्यायिकेतच आहे. वसतिगृह चालविणे, शिष्यवृत्त्या देणे, निराधार भगिनीला शिवणयंत्र घेऊन देणे हे सारे घरून देणे आहे, आणि ते आपण कमीच करतो. त्याहून किती तरी अधिक करावयास हवे. चिठ्ठी देऊन कोणाची नेमणूक करविणे, कोणाची बदली थांबविणे, कोणाचा अर्ज वर आणविणे हे सरकारातून देणे आहे. त्यात आपण दानशूर होतो ते रांगेतल्या दुसऱ्याच्या जिवावर. त्या वेळी आमच्या पुढे असलेल्या दहा संस्थांमध्येही कोणाची तरी मुले जिन्याखाली झोपत असतीलच.

सार्वजनिक जीवनातील पुढाऱ्यांच्या बाबतीत ही परीक्षा अधिकच कठीण असते, कारण तेथे नकार द्यावा लागतो तो स्वपक्षाला, कधी स्वतःच्या मानाला. १८९७ साली नामदार गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले असता पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना स्नेह्यांकडून आली. त्यांवर विसंबून त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली आणि वातावरण तापले. गोखले जुलैअखेर मुंबईस परतले तेव्हा पुरावा हाती लागेना; पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करून त्यांना संकटात लोटण्यास ते तयार नव्हते. त्यांनी सर्व दोष स्वतःकडे घेतला आणि बिनशर्त जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची भित्रा म्हणून हेटाळणी झाली. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्येही त्यांच्याविषयी नाराजी होती. त्यांचे वय तेव्हा एकतीस.

माफी इतकी सपशेल असावयास हवी होती काय, ह्याविषयी मतभेद आहेत आणि राहतील. मला स्वतःला ती थोडी अधिकच सपशेल वाटते. सोल्जरांच्या वागणुकीविषयी लोकांच्या तक्रारी निराधार होत्या असे काही त्यावरून ठरत नाही. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, आणि ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांना उघडे पाडू नये, ह्या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळावयाच्या तर शिक्षा स्वतः भोगण्यावाचून तिसरा मार्ग नव्हता. तो त्यांनी पत्करला. १९०५ साली बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा गौरव करणारे पुष्कळ होते. आठ वर्षांपूर्वी पाठीशी उभे राहणारे थोडे होते. अशा प्रसंगी एक मित्र घरी येऊन बसला तरी त्याची किंमत नंतरच्या दहा मिरवणुकांहून अधिक असते.

आपल्या काळातील एक आठवण काढून मी आटोपते घेतो. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना तेलातील भेसळ करणाऱ्यांनी दिवसाढवळ्या जिवंत जाळले. अख्खा महाराष्ट्र हादरला. सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, ठिकठिकाणी श्रद्धांजलीच्या सभा झाल्या. आपल्या मंडळानेही ठराव केला. तो मीच लिहिला होता. लिहिताना मनात आले की असे अधिकारी आपल्या अवतीभोवती वावरत असतात तेव्हा आपण त्यांचे काय करतो? त्यांची बदली झाली की पेढे वाटणारेही आपल्यातलेच असतात.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझ्या काही सूचना आहेत. देणगीदारांचे आभार अवश्य मानावेत, पण ते निराळ्या दिवशी. देणगी आणि गुणगौरव ह्यांची सरमिसळ नको. एखाद्याचे नाव सुचवावयाचे तर त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यास, त्याच्याकडे उपचार घेतलेल्यास, त्याच्या दारी अर्ज घेऊन गेलेल्यास विचारावे, आणि विचारलेल्यांपैकी निदान अर्धे लोक आपल्या ज्ञातीबाहेरचे असावेत. घरच्यांची साक्ष घरापुरतीच. मंडळाच्या शिक्क्याने कोणत्याही अधिकाऱ्यास शिफारसपत्र जाऊ नये असा नियम घटनेत घालावा. ह्याला विरोध होईल हे मला ठाऊक आहे आणि तो कोठून होईल हेही ठाऊक आहे.

शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्यापैकी कोणी कर्तव्य केल्यामुळे अडचणीत आला, आडगावी बदली होऊन गेला, निलंबित झाला, कोर्टाच्या फेऱ्यांत सापडला, तर चौकशीचा निकाल लागण्याची वाट न पाहता मंडळाचे दोन सभासद त्याच्या घरी जावेत. शाल नको, छायाचित्र नको. मुलांच्या शाळेचे कसे काय चालले आहे, वकिलाची फी भागते आहे ना, एवढे विचारावे आणि लागेल ते आपल्या खिशातून द्यावे. खरा कोण आणि खोटा कोण हे त्या वेळी नेमके कळणार नाही, कदाचित आपण फसूही. देणगीदारांच्या बाबतीत आपण काही कमी वेळा फसलेलो नाही!

ज्या अधिकाऱ्यांविषयी मी बोललो ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. झाले ते सांगितले, क्षमा मागितली. त्यांना रागही आलेला दिसला नाही आणि भरूनही आले नाही. ‘वसतिगृहात आता किती मुले आहेत?’ असे त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला. मग पावसाळ्यात छत गळते काय हे विचारले, आणि गळते म्हटल्यावर गच्चीचा उतार कोणत्या बाजूस आहे ह्याची चौकशी केली. तीन वर्षांपूर्वी ते वारले. त्यांच्या कुटुंबीयांना विचारल्यावाचून येथे नाव उच्चारणे मला प्रशस्त वाटत नाही.

१९८६ सालची इतिवृत्ताची वही मंडळाच्या कपाटात आहे. मी परवा ती काढून पाहिली. शाई फिकी झाली आहे, पण रेघ स्पष्ट दिसते. अध्यक्षमहाराजांची आणि सभेची अनुमती असेल, तर समासातील त्या माझ्या शेऱ्याखाली आजची तारीख घालून ‘विचार केला’ एवढे दोन शब्द लिहिण्याची मला परवानगी मिळावी.